लेन सांभाळणारी मोटार आणि तिच्यावर रुसणारा चालक

इच्छापोरवरून जाणारा हजीरा महामार्ग आपणा सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. पूर्वी त्यास राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत. २०१० च्या फेरक्रमांकानंतर तो ५३ झाला. हजीऱ्यास सुरू होणारा हा रस्ता सोनगड, नवापूर, धुळे, जळगाव असा थेट ओडिशातील पारादीप बंदरापर्यंत जातो. आपल्यापैकी खानदेशाकडील कुटुंबांना दिवाळीस, लग्नसराईत किंवा आखाजीला माहेरी नेणारा रस्ता हाच. बहुतेक मंडळी रात्री जेवून निघतात, आणि पहाटेच्या सुमारास चालकाच्या पापण्या जड होतात. मागे सर्व झोपलेले असतात. अशा वेळी मोटार नकळत रेषा ओलांडते, आणि त्या पलीकडे बहुधा ट्रेलर असतो.

ह्याच क्षणासाठी आता नव्या मोटारींत एक सोय येऊ लागली आहे. जपानात निसानने ती २००१ साली आपल्या सिमा गाडीत दिली होती. आपल्याकडे २०२१ मध्ये एमजी ॲस्टर व महिंद्राची एक्सयूव्ही ७००, पुढे २०२२ मध्ये होंडा सिटी हायब्रीड व २०२३ मध्ये ह्युंदाई व्हर्ना ह्या गाड्यांतून ती मध्यमवर्गीयांच्या दारी आली. रचना फारशी गूढ नाही. पुढच्या काचेच्या आत, आरशामागे एक लहान कॅमेरा असतो. तो रस्त्यावरील पांढऱ्या-पिवळ्या रेषा पाहतो. वेग साधारण ताशी साठ किलोमीटरांच्या वर असताना गाडी साइड न देता रेषेकडे सरकू लागली, तर यंत्र प्रथम आवाज करते किंवा स्टिअरिंग थरथरवते, आणि मग स्टिअरिंगला आतल्या बाजूस हलकासा हिसका देते. स्टिअरिंग हलके करणारी जी विजेची मोटर गाडीत असते, तीच हे काम करते. हाताने थोडा जोर लावला की चालकाचेच चालते. ‘गाडी चाक हिसकावून घेते’ अशी जी भीती ऐकू येते, तीत फारसा अर्थ नाही.

तरीही पुष्कळ लोक गाडी घेतल्यावर आठवडाभरात ही सोय बंद करतात. ह्यात आपलेच लोक हट्टी आहेत असे कोणी समजू नये. अमेरिकेत विमा कंपन्यांनी चालवलेल्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने दुरुस्तीस आलेल्या होंडा गाड्या तपासल्या, तेव्हा रेषा ओलांडल्याची सूचना देणारे यंत्र सुमारे एक तृतीयांश गाड्यांतच चालू सापडले. ही पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्याच संस्थेच्या पुढच्या पाहणीत असेही दिसले की, आवाज करणाऱ्या यंत्रापेक्षा थरथरणारे यंत्र लोक अधिक चालू ठेवतात. आमच्या मते ह्याचे कारण सरळ आहे. थरथर फक्त चालकाला कळते. आवाज मात्र मागे बसलेल्या आईला, पत्नीला, मुलांनाही ऐकू जातो. “काय झालं हो?” असा प्रश्न दोनदा आला की गृहस्थ बटण शोधू लागतो!

पण रागाचे मूळ ह्याहून खोल आहे. हजीऱ्याच्या बाजूस कडेला अर्धवट उभा ट्रेलर, समोरून उलट दिशेने येणारी मोटारसायकल, मधेच खड्डा. ह्या प्रत्येक वेळी चालक जाणूनबुजून रेषा ओलांडतो, म्हणजे तो अगदी सावध असतो, आणि नेमके त्याच वेळी यंत्र त्याला बेसावध ठरवते. कोणास राग येणार नाही? यंत्राला केवळ रेषा दिसतात. माणसाच्या मनातले कळण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे साइड इंडिकेटर. तो दिला की यंत्र गप्प बसते. आपण मात्र लेन बदलताना साइड देणे हे शिकाऊ माणसाचे लक्षण मानत आलो. आमच्या माहितीतल्या काहींनी महामार्गावर साइड देण्याची सवय लावून घेतली, तेव्हा तक्रार बरीचशी मिटली. खड्डा चुकवताना साइड द्यायला सवड नसते हे खरे. तेवढा आवाज सोसावा लागतो.

दुसरी अडचण रस्त्याची. रंगात काचेचे बारीक मणी मिसळून काढलेली रेषा रात्री दिव्यात चमकते. ती झिजली, धुळीने झाकली किंवा पावसाच्या पाण्याखाली गेली की यंत्र आंधळे. कोंडाईबारी घाटातल्या वळणांवर तर त्याच्या भरवशावर कोणी राहू नये. स्टिअरिंगवरचा हात काढणे कोठेच योग्य नाही.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की सुरतेच्या गर्दीत वैतागून बटण बंद केले, तर सोनगडच्या वाटेला लागताना ते आठवणीने चालू करावे. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत अशी यंत्रणा सक्तीची आहे, आणि गाडी सुरू करताच ती आपोआप पुन्हा चालू होते. आपल्याकडच्या काही गाड्या मात्र कालचे बटण आजही बंदच ठेवतात. आपली गाडी कोणत्या जातीची, हे सोबत मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ट्रक आणि बस ह्यांत रेषा ओलांडल्याची सूचना देणारे यंत्र बसवण्याच्या नियमाचा मसुदा केंद्र सरकारने २०२५ मध्ये काढला आहे. हजीऱ्याच्या ट्रेलरवाल्यास त्याची गरज आपल्याहून अधिक. तो रात्रभर एकटा असतो, आणि “काय झालं हो?” असे विचारणारेही त्याच्या मागे कोणी नसते.