कळेची टक्केवारी

कंबरेतून निघून मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून थेट तळपायात उतरणारी कळ ज्याने सोसली आहे, त्याला सायटिका म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आयुर्वेदात या दुखण्याला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड; रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हे नाव पडले असे सांगतात. मराठीतही इथे शब्दांना तोटा नाही: सणक, ठणका, चमक, रग, झिणझिण्या, मुंग्या. अमेरिकेतला माजी सैनिक मात्र हेच दुखणे घेऊन सरकारी तपासणीला जातो, तेव्हा डॉक्टरच्या फॉर्मवर या कळेसाठी चारच रकाने असतात: सततची वेदना, अधूनमधूनची वेदना, मुंग्या आणि बधिरपणा. प्रत्येकापुढे नाही, सौम्य, मध्यम, तीव्र यांपैकी एक खूण करायची. त्या खुणांच्या आधारे अपंगत्वाचे टक्के ठरतात आणि टक्क्यांवरून दरमहाची करमुक्त रक्कम.

न दिसणाऱ्या कळेचे माप काढायचे आणि ते चुकले असे वाटले तर भांडायला जागा ठेवायची, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ती सहजासहजी घडलेली नाही.

सायटिक नस ही शरीरातली सर्वांत जाड नस, जवळजवळ अंगठ्याएवढी रुंद. कंबरेच्या खालच्या मणक्यांतून बाहेर पडणाऱ्या मुळांपासून ती बनते. पाठीवर मणामणाची ओझी वाहून, पॅराशूटच्या उड्या मारून किंवा वर्षानुवर्षे खडखडणाऱ्या गाडीत बसून मणक्यातली गादी सरकली की ती या मुळांवर दाबते. म्हणून कायद्याने पाठ आणि पाय वेगळे मोजायचे ठरवले आहे: पाठीचे टक्के निराळे, तिच्यामुळे पायात उतरलेल्या कळेचे निराळे.

पायाच्या नसेचे कोष्टक अमेरिकी नियमावलीत 8520 या क्रमांकाखाली आहे. सौम्य असेल तर 10 टक्के, मध्यम असेल तर 20, मध्यमाहून जास्त असेल तर 40, तीव्र आणि स्नायू उघड सुकलेले असतील तर 60. पाऊल लोंबू लागले आणि गुडघ्याखाली हालचालच उरली नाही तर 80. एका पायरीवरून दुसरीवर नेमके कधी जायचे, हे कोष्टक सांगत नाही. ‘मध्यम’ म्हणजे किती, याची व्याख्या कुठेही दिलेली नाही. बहुतेक अपिले या कोऱ्या जागेतच उभी राहतात.

त्यात एक जाचक नियम आहे. बाधा फक्त संवेदनेची असेल, म्हणजे दुखते, बधिर होते, पण स्नायू शाबूत आहेत, तर फार तर ‘मध्यम’ धरायचे. कळ कितीही जीवघेणी असली तरी सायटिक नसेच्या बाबतीत ती 20 टक्क्यांवर अडते. त्याच नियमावलीत नसेच्या दाहासाठी मात्र वेगळी मर्यादा आहे. स्नायू सुकणे, प्रतिक्षिप्त क्रिया मंदावणे असे बदल दिसत नसतील तर इतर नसांना ‘मध्यम’ ही कमाल मर्यादा, पण सायटिक नसेला तिच्याही वरची पायरी खुली. शेकडो नसांमधून नियम करणाऱ्यांनी हिचे एकटीचे नाव घेऊन सवलत दिली, हे मला विलक्षण वाटते. सैनिकाची बाजू मांडणारा, ही ओळ माहीत असलेला प्रतिनिधी आणि नसलेला प्रतिनिधी यांच्यात 20 आणि 40 टक्क्यांचा फरक पडू शकतो.

टक्क्यांची बेरीजही शाळेत शिकवतात तशी होत नाही. पाठ 20, उजवा पाय 20 आणि डावा पाय 20 यांचे 60 होत नाहीत. दोन्ही पायांपैकी पहिला 20 टक्के घेतो, दुसरा उरलेल्या 80 चे 20 टक्के, झाले 36. दोन्ही बाजू जायबंदी म्हणून त्यात त्याचाच दहावा भाग मिळवायचा: 39.6, म्हणजे 40. मग उरलेल्या 60 मधून पाठीचे 20 टक्के, म्हणजे 12. एकूण 52, आणि जवळच्या दशकात आणून 50. आधीच उणा झालेला माणूस पुढच्या दुखापतीत उरलेल्यातूनच गमावतो, असा यामागचा विचार आहे.

अमेरिकेत सैनिकांच्या नसांच्या दुखण्याकडे नीट पाहणे सुरू झाले ते यादवी युद्धात. फिलाडेल्फियातल्या टर्नर्स लेन रुग्णालयात सायलस वेअर मिचेल आणि त्यांचे सहकारी मोरहाउस व कीन यांनी नसांना गोळी लागलेले सैनिक तपासले. जखम भरली तरी आग थांबत नव्हती. काही जण हाताला सतत ओले फडके गुंडाळत, काही बुटांत पाणी ओतून ठेवत. कागदाची सळसळही त्यांना सोसवत नसे. या निरीक्षणांचे पुस्तक 1864 मध्ये निघाले. त्याच वर्षी त्याच तिघांनी दुखण्याचे सोंग करणारा सैनिक कसा ओळखावा यावर लेख लिहिला आणि त्यात ईथरने गुंगी देऊन पाहण्याचा मार्ग सुचवला. विश्वास आणि संशय एकाच खोलीत, एकाच वर्षी जन्माला आले, आणि आजही प्रत्येक फाइलमध्ये ते दोघे असतात.

1864 मध्येच आणखी एक गोष्ट झाली: निवृत्तिवेतनाच्या कामासाठी वकिलाने 10 डॉलरहून जास्त घेऊ नये असा कायदा झाला. लुबाडणूक थांबावी हा हेतू. पण तो आकडा 1988 पर्यंत तसाच राहिला आणि सैनिकाला वकील मिळणेच दुरापास्त झाले. अपील मंडळ 1933 मध्ये स्थापन झाले होते, मात्र त्याच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयाचे दार बंदच होते. 1988 च्या कायद्याने ते उघडले आणि केवळ माजी सैनिकांच्या दाव्यांसाठी वेगळे न्यायालय आले.

त्या न्यायालयाने 1990 मध्ये गिल्बर्ट खटल्यात एक जुने तत्त्व ठसठशीत केले: पुराव्याचे पारडे दोन्हीकडे सारखे असेल तर निकाल सैनिकाच्या बाजूने. त्यासाठी बेसबॉलचा दाखला दिला. आपल्याला तो लगेच कळतो, कारण संशयाचा फायदा फलंदाजाला, हे आपण गल्लीत क्रिकेट खेळतानाच शिकतो. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या धरमवीर सिंग निकालात याच दिशेने कौल दिला. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती, तो सेवेमुळे झाला नाही हे दाखवण्याचे ओझे सरकारवर आहे, जवानावर नाही.

तरी वेदनेचा प्रश्न राहिलाच. निदानाचे नाव नसलेले नुसते दुखणे म्हणजे अपंगत्व नव्हे, असे अमेरिकेत 1999 पासून धरले जात होते. ते 2018 मध्ये सॉन्डर्स खटल्यात मोडले. गुडघेदुखी घेऊन लष्करातून बाहेर पडलेल्या एका महिलेचे ते अपील. वेदनेमुळे कामात अडथळा येत असेल तर ती वेदनाच अपंगत्व ठरू शकते, असे वरिष्ठ न्यायालयाने सांगितले. एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला एवढी वर्षे लागली, याचे मला वाईट वाटते.

2019 पासून दाव्याचा निकाल पटला नाही तर वर्षभरात तीन वाटा आहेत: नवा पुरावा जोडणे, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून त्याच कागदांची फेरतपासणी किंवा थेट अपील मंडळ. मंडळ अलीकडे वर्षाला लाखाच्या आसपास निर्णय देते.

नव्या पुराव्यात यंत्राला सगळे समजते असे नाही. नसेचे मूळ मणक्याजवळ दबलेले असेल तर संवेदनेची विद्युत तपासणी अनेकदा निर्दोष येते, कारण दाब संवेदी पेशींच्या गाठीच्या अलीकडे, मणक्याच्या बाजूला असतो आणि पायाकडे जाणारे तंतू जिवंत राहतात. अहवाल स्वच्छ, माणूस मात्र रात्रभर जागा. अशा वेळी घरच्यांचे शब्द उपयोगी पडतात. सेवेतल्या दवाखान्याच्या कागदांत नोंद नाही एवढ्याच कारणाने अशी साक्ष झिडकारता येत नाही, हे 2006 च्या बुकॅनन निकालाने पक्के केले. म्हणून जाणते प्रतिनिधी सैनिकाच्या बायकोला सांगतात की दुखते, फार दुखते असे लिहू नका. काय करता येत नाही ते लिहा. तो उभ्याने पँट घालू शकत नाही. गाडी अर्ध्या तासाने थांबवून उतरतो. त्याला मोजे मी घालते, 2011 पासून.