ताप उतरत नसेल तर गोठ्याचंही सांगा

गावी गेलं की गोठ्यातलं धारोष्ण दूध हा आपल्याकडचा लाड. नको म्हणणं जिवावर येतं. परत आल्यावर दोन-चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही, ताप सुरू होतो. चढतो, उतरतो, पुन्हा येतो. रात्री घामाने अंथरूण भिजतं, सांधे आणि कंबर धरते, अंगात त्राण उरत नाही. आपण पॅरासिटामॉलवर दिवस काढतो. मग जीपी मलेरिया, टायफॉइड, टीबी बघतात. ब्रुसेलोसिस चटकन सुचत नाही, कारण ग्रेट ब्रिटनमधली गुरं १९८५ पासून या रोगातून अधिकृतरीत्या मुक्त आहेत. इथले बहुतेक रुग्ण हा आजार परदेशातून आणतात.

गंमत म्हणजे याची रक्ततपासणी आमच्या हॅम्पशायरमधलीच! डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये माल्टात मरण पावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जंतू वेगळा केला. पण हा ताप आणि टायफॉइड नुसत्या लक्षणांवरून वेगळे ओळखणं कठीण होतं. बेसिंगस्टोकच्या दक्षिणेला, साउदॅम्प्टनजवळच्या नेटलीत लष्कराचं अवाढव्य रुग्णालय होतं. तिथे आल्मरोथ राइट आणि सहकाऱ्याने १८९७ मध्ये रुग्णाचं सीरम जंतूंमध्ये मिसळून पाहिलं. जंतूंच्या गुठळ्या झाल्या की निदान माल्टा फीवर. आजही ॲग्लुटिनेशन चाचणी याच तत्त्वावर चालते. रुग्णालय पाडलं, चॅपल तेवढं उरलंय. पुढे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झॅमिटने मूळ शोधलं: धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांचं दूध.

त्यामुळे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणच सांगायचं. गावी कधी होतो, कच्चं दूध प्यायलो का, गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने काढली का. विडालमध्ये हा आजार कळत नाही, त्याची तपासणी वेगळी मागवावी लागते. रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडला तर पक्कं, पण तो सावकाश वाढतो आणि लॅबमधल्या माणसांनाही लागू शकतो. म्हणून नमुन्यासोबत संशय लिहून जायला हवा. औषध म्हणजे सहसा दोन अँटिबायोटिक्स, निदान सहा आठवडे. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडली, तर ताप उलटू शकतो.

गावाकडच्या मंडळींना एकच विचारा: चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस टोचली का? सरकारी कार्यक्रमात ती आहे. दूध मात्र उकळूनच. खरवसाला हरकत नाही, तो नीट वाफवलेला असतो.