बॅटरी उतरली, दोष कोणाचा?

कांद्याच्या हंगामात देवळ्याहून उमराणे, लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजाराकडे जाणाऱ्या वाहनांत जुन्या पिकअप गाड्या पुष्कळ दिसतात. अशी गाडी सकाळी सेल्फ घेत नाही, तेव्हा शेतकऱ्याचा लिलाव हुकतो, मालकाचे भाडे बुडते, आणि कित्येकदा नव्या बॅटरीची किंमत चालकाच्या पगारातून कापली जाते. ‘तूच रात्री दिवे चालू ठेवले असशील,’ एवढे बोलणे त्याला पुरते. दोष खरोखर कोठे आहे, हे मात्र कोणी मोजून पाहत नाही. ते मोजता येते आणि त्याला फार मोठी विद्या लागत नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे.

गाडीतील विजेचा व्यवहार शेतकऱ्याच्या घरासारखा आहे. बॅटरी ही कणगी. ती वीज पिकवीत नाही, साठवून ठेवते. शिशाच्या पत्र्यांची अशी बॅटरी प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली केली. वीज पिकविणारे शेत म्हणजे आल्टरनेटर. आपले वायरमन त्याला अजून ‘डायनॅमो’ म्हणतात, जरी खरा डायनॅमो १९६० नंतर हळूहळू मागे पडला. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलला की तारेत वीज उत्पन्न होते, हे फॅरडेने १८३१ साली दाखविले. त्याच तत्त्वावर हे यंत्र इंजिनाच्या पट्ट्याने फिरते. त्यातील डायोड उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेला लावतात आणि रेग्युलेटर तिचा दाब आवरतो. शेत आणि कणगी यांमधला रस्ता म्हणजे तारा आणि अर्थिंग. तेव्हा संशयित तीन: कणगी, शेत आणि रस्ता. घरातली चोरी हा चौथा.

पहिली तपासणी कणगीची. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही चालू न करता, मल्टिमीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावावा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे; १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. परंतु रिकामी म्हणजे खराब नव्हे. ती बाहेर पूर्ण भरून आणावी आणि सेल्फ मारताना पुन्हा आकडा पाहावा. भरलेली बॅटरीही त्या वेळी साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर तिचे आयुष्य बहुधा सरले.

दुसरी तपासणी शेताची. इंजिन चालू करून वेग थोडा वाढविला, की तोच आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान गेला पाहिजे. तो बाराच्या घरातच राहिला, तर चार्जिंग होत नाही. अशा वेळी आधी पट्टा सैल आहे का ते पाहावे. मग किल्ली फिरविल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागतो का ते पाहावे. कित्येक गाड्यांत तो दिवा गेला तर आल्टरनेटरला सुरुवातीची वीजच मिळत नाही. त्यानंतर झिजलेले कार्बन. उलट आकडा १५ च्या वर जात असेल, तर रेग्युलेटर बिघडलेला आहे. तो बॅटरीतील पाणी उडवून टाकतो, आणि नवी बॅटरी आणली तरी तीही काही दिवसांत तशीच मरते. मालकाचा पैसा येथे फुकट जातो.

तिसरी तपासणी रस्त्याची. सेल्फ घेताना दोनशे अँपियरपर्यंत प्रवाह वाहतो. टोकावर पांढरा-हिरवा क्षार साचून तेथे ओहमचा केवळ शंभरावा भाग अडथळा झाला, तरी दोन व्होल्ट वाटेतच नाहीसे होतात. म्हणून आधी उणे टोक, मग अधिक टोक सोडवावे, सोड्याच्या कोमट पाण्याने पुसावे आणि इंजिनापासून चासीपर्यंतची अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करावी.

राहिली चोरी. सर्व बंद करून, उणे टोक सोडवून, मध्ये अँपियर मोजणारा मीटर जोडावा. या वेळी सेल्फ मारू नये. पाच वॅटचा एक दिवा सुमारे ०.४ अँपियर घेतो. आठवड्यात तो सत्तर अँपियर-तास, म्हणजे अशी एक अख्खी बॅटरी, पिऊन टाकतो. एकेक फ्यूज काढत गेले की चोर सापडतो.

चालत्या इंजिनाचे बॅटरीचे टोक काढून ‘डायनॅमो’ पाहण्याची जुनी रीत सोडून दिली पाहिजे. डायोड त्याने जळतात. आणि बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तेथे विडी पेटवू नये.

हे केवळ पैशाचे प्रकरण नाही. जुन्या धर्तीच्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणून चार्जिंग बंद पडले तरी गाडी धावत राहते आणि दिवे मात्र मंदावत जातात. शिवाय कित्येक डिझेल पिकअपमध्ये ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्याच पाठीशी असतो. पट्टा तुटला की ब्रेकचे पेडल दगडासारखे होते. भावडबारीच्या घाटात, रात्री, भरल्या गाडीने हे घडले तर काय होईल, हे मी सांगावयास नको.

आता कपातीचे. कामगाराच्या ताब्यात दिलेल्या वस्तूचे नुकसान थेट त्याच्याच हयगयीने झालेले असले पाहिजे आणि कपातीपूर्वी त्याला आपले म्हणणे मांडू दिले पाहिजे, हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने घालून दिले. २०१९ च्या वेतन संहितेतही ते आहे. परंतु म्हणणे मांडावयास पुरावा लागतो. तीन आकडे तारखेसह वहीत लिहिलेले असले, तर चालक म्हणू शकतो की चार्जिंग १२.३ वर होते, यात माझी हयगय कोठे? आणि दिवे खरोखरच चालू राहिले असतील, तर तेही त्याच आकड्यांवरून कळेल. मीटर मालकाचा पक्ष घेत नाही आणि कामगाराचाही घेत नाही. म्हणून बॅटरीच्या किमतीपुढे अगदी स्वस्त असलेला हा मीटर प्रत्येक गाडीत असावा, आणि आधी मोजावे, मग बोलावे.