बांधावरची कण्हेर

कण्हेर कुणाला ठाऊक नाही? पावसाळ्याच्या तोंडाला वीतभर फांदी खोचली की झाले. पाणी कमी पडले तरी बारमाही हिरवी, वर पूजेला फुले. कडू पाल्याला जनावर सहसा तोंड लावत नाही, म्हणून आपण ती कुंपणाला लावतो. पण छाटलेला पाला वाळला तरी त्याचे विष जात नाही. तो वाढ्यात किंवा कडब्यात मिसळला, तर जनावर बिनदिक्कत खाते. मूठभर पानांनीही हृदय बंद पडून दुभती म्हैस दगावते.

आमचे सांगणे एवढेच: कण्हेर फुलांसाठी जरूर राखा, पण गोठा नि वैरणीच्या गंजीपासून लांब. छाटणी लगेच खोल पुरा. जाळू नका, धूरही बाधतो. जनावराने खाल्ल्याची शंका येताच गुरांच्या डॉक्टरांना बोलवा.