फाईल कोणाची?

सकाळी ८. एप्रिलमधलं जळगाव, त्यामुळे प्रॅक्टिकल्स सकाळीच लावलेली. मुलं यायच्या आत सर्व्हरवर बेवारस फायली शोधून घेतो. लिनक्स फाईलवर मालकाचं नाव लिहीत नाही, आकडा लिहितं. तो आकडा कोणाचा, हे खात्यांच्या यादीवरून ठरतं. खातं यादीतून काढून टाकलं, तरी फाईल त्याच आकड्याच्या नावे पडून राहते. पुढे तोच आकडा नव्या विद्यार्थ्याला मिळाला, की जुन्याच्या सगळ्या फायली त्याच्या हाती जातात. पासवर्ड फोडायची गरजच उरत नाही. मला ही गोष्ट व्हायरसपेक्षा धोक्याची वाटते, कारण ती घडताना कुठलीच सूचना येत नाही.

९.१५. पारोळा-एरंडोलमार्गे येणारी धुळ्याची एसटी पोचली. पहिलीच तक्रार एका मुलीची : "सर, मनी फाईल उघडी नही राह्यनी." शेजारचा लगेच म्हणाला, "७७७ करून टाक ना!" ७७७ म्हणजे वाचणं, लिहिणं, चालवणं या तिन्ही परवानग्या सगळ्यांना. बांध कोरून सातबारा दुरुस्त होत नाही, तसं हे. मी थांबवलं. यादी आकड्यांसकट उघडली, तेव्हा उलगडा झाला. हे मशीन नुकतंच फॉर्मॅट केलेलं. त्यावर खाती हाताने, हजेरीपटाच्या क्रमाने तयार केलेली आणि मधलं एक नाव सुटलेलं. सर्व्हरवर तिचा आकडा १०४२, इथे १०४१. पुढच्या सगळ्यांचे आकडे एकेकाने सरकलेले. होम फोल्डर एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कमार्गे सर्व्हरवरून येतं, आणि आमच्या मांडणीत सर्व्हर नाव विचारत नाही, आकडा बघतो. म्हणजे ही मुलगी स्वतःच्या पासवर्डने आत आली, पण सर्व्हरला ती आदल्या नंबरचा मुलगा वाटत होती. त्याची जर्नल्स तिला उघडता आली असती. तिने उघडली नाहीत, ती आपलीच शोधत बसली होती.

११.००. ते मशीन बंद ठेवून खाती सर्व्हरच्या यादीवरून नव्याने केली. काम किचकट नाही, पण घाई चालत नाही.

दुपारी १. डबा. बाहेर ऊन भाजतंय.

२.००. एम.एस्सी.च्या मुलांना कंटेनर. प्रश्न आला : कंटेनरमध्ये मी रूट आहे, मग सर्व्हर माझा झाला का? नाही. रूटचा आकडा शून्य. पण फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या लिनक्स ३.८ पासून साध्या वापरकर्त्यालाही आपली वेगळी आकडेवारी मांडता येते. आतला शून्य बाहेर त्याचा स्वतःचाच साधा आकडा असतो, आणि आतल्या बाकीच्या आकड्यांसाठी त्याला बहुधा ६५,५३६ आकड्यांचा पट्टा दिलेला असतो. आत सर्वाधिकारी, बाहेर तोच विद्यार्थी. एका मुलाने दोन्हीकडून तीच प्रोसेस पाहिली आणि "हाऽऽ!" म्हणाला. त्या उद्गारासाठी मी हा तास शिकवतो.

४.३०. पास होऊन गेलेल्यांची खाती. ती पुसायची नाहीत. पासवर्डला कुलूप लावायचं, पण तेवढ्याने एसएसएचची किल्ली थांबत नाही, म्हणून खात्याची मुदतही संपवायची. 'यूजरॲड' यादीतल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या पुढचा आकडा देतं. शेवटचं खातं पुसलं, तर तोच आकडा पुन्हा वाटला जातो. म्हणून जूनच्या तुकडीला २००० पासूनचे आकडे राखून ठेवले आणि तसं रजिस्टरात लिहिलं.