कातडीचा लिम्फोमा : प्रकाश आणि इंजेक्शनचा जोड-इलाज

कापडाच्या धंद्यात अंगावर चट्टा उठला की दोष रंगाला दिला जातो. पवनीचा विणकर असो, आंधळगावचा कोसा विणणारा असो की भंडाऱ्याच्या दुकानात थान उलगडणारा नोकर, मेडिकलमधून गजकर्णाची ट्यूब आणून तो कामाला लागतो. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. परंतु जो चट्टा कंबर, कुल्ले, मांडी अशा झाकलेल्या भागावर वर्षानुवर्षे टिकतो, ट्यूब लावली की दबतो आणि सोडली की परततो, त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. क्वचित तो कातडीचा लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर निघतो. हा मर्ज बहुधा संथ चालीचा असतो आणि वेळेवर ओळखला तर इलाजाला चांगली दाद देतो.

१८०६ साली पॅरिसचे डॉक्टर आलिबेर यांना याच्या गाठी अळंबीसारख्या दिसल्या, म्हणून पुढे नाव पडले 'मायकोसिस फंगॉइडिस'. बुरशीशी याचा काही संबंध नाही. रक्तातील 'टी' पेशी, ज्या शरीराचे रक्षण करतात, त्याच बिघडून कातडीत जमतात. निदान होते ते कातडीचा तुकडा काढून तपासल्यावर. सुरुवातीला एका तपासणीत भागत नाही, दोन-तीनदा तुकडा घ्यावा लागतो. स्टेरॉइडची ट्यूब सतत लावत राहिल्यास खरे चित्र झाकले जाते, म्हणून कोणती ट्यूब किती दिवस लावली हे डॉक्टरांपासून लपवू नये.

आता इलाज. तेराव्या शतकात इब्न अल-बैतार यांनी पांढऱ्या डागांसाठी आतरीलालचे बी घेऊन उन्हात बसण्याचा उपाय नोंदवला आहे. आपल्याकडे यूनानी हकीम आणि वैद्य बाबची वापरत आले. दोन्हींत सोरालेन नावाचा पदार्थ आहे. १९४० च्या दशकात कैरोचे डॉ. अल-मोफ्ती यांनी तो आधुनिक दवाखान्यात वापरला, आणि १९७० च्या दशकात अमेरिकेत गोळी व 'ए' जातीचे अतिनील किरण यांची जोडी, म्हणजे 'पुवा', लिम्फोमावरही वापरली गेली. गोळी घेतल्यावर साधारण दोन तासांनी रुग्ण दिव्यांच्या कपाटात उभा राहतो. किरण पडताच सोरालेन बिघडलेल्या पेशींच्या गाभ्याला चिकटते आणि त्या मरतात. त्या दिवशी डोळ्यांना काळा चष्मा लागतो. घरीच बाबचीचे तेल लावून उन्हात बसण्याची करामत मात्र कोणी करू नये. मात्रा मोजलेली नसते आणि कातडी भाजते.

प्रकाश फार खोल जात नाही. म्हणून दुसरा जोडीदार इंटरफेरॉन. विषाणूंशी लढताना शरीर स्वतःच हा पदार्थ बनवते. लंडनमध्ये १९५७ साली त्याचा शोध लागला. तो इंजेक्शनने दिला की प्रतिकारशक्ती जागी होते. १९९५ साली शिकागोच्या डॉक्टरांनी ३९ रुग्णांना दोन्ही एकत्र दिले, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांची कातडी पूर्ण साफ झाली. १९९८ च्या युरोपातील तुलनेत या जोडीने सुमारे ७० टक्के रुग्ण साफ झाले, तर इंटरफेरॉनला अ‍ॅसिट्रेटिन गोळीची जोड दिल्यावर ३८ टक्के. साफ होणे म्हणजे मुळापासून जाणे नव्हे. मर्ज परतू शकतो. आणि नुसते पातळ चट्टे असतील तर प्रकाश एकटाही पुरतो, कधी गोळीशिवायचा 'बी' जातीचाही. जोड-इलाज विचारात येतो तो जाड चकत्यांसाठी किंवा एकट्या प्रकाशाने काम भागत नसेल तेव्हा.

व्यापाऱ्याला खरा भार पडतो तो दिवसांचा. आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने प्रकाश घ्यावा लागतो. नागपूर येथून साठेक किलोमीटर, म्हणजे सीझनमध्ये गल्ल्यावर दुसरा माणूस बसवणे आलेच. फेऱ्या चुकल्या तर फायदा मागे पडतो, म्हणून ही व्यवस्था इलाज सुरू होण्याआधीच करावी. वरठीहून रेल्वेने जाणाऱ्यांनी कॅन्सर रुग्णांची सवलत इस्पितळाच्या दाखल्यावर मागावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला इलाज बसतो का, हे रेशन कार्ड घेऊन इस्पितळातील आरोग्यमित्राला विचारावे.

इंजेक्शननंतर ताप, थंडी, अंगदुखी येते, म्हणून ते बहुधा रात्री घेतात. काहींचे मन फार उदास होते. घरच्यांनी तेही डॉक्टरांना सांगावे. जुने साधे इंटरफेरॉन आता सहसा मिळत नाही; आठवड्यातून एकदा घ्यायचा 'पेग' प्रकार वापरतात. तो २ ते ८ अंशांत ठेवावा लागतो. नागपुरातून आणायचा तर बर्फाचा डबा सोबत न्यावा, पक्के बिल घ्यावे आणि घरी फ्रीजमध्ये ठेवावा, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठले की औषध वाया गेले.