शपथेनंतरचे पस्तीस दिवस

आपल्याकडे दारू सोडायची पहिली रीत म्हणजे शपथ. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली, देवळाच्या पायरीवर घेतलेली, नाहीतर गळ्यात माळ घालून घेतलेली. घेणारा ती खोटी घेत नाही. त्या घटकेला त्याला खरोखर सुटायचं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हात इतका थरथरतो की चहाचा कप ओठांपर्यंत जात नाही. दरदरून घाम फुटतो, पोटात ढवळतं. मग एक ‘क्वार्टर’ पोटात गेली की थोड्या वेळात हात शांत होतो. घरच्यांना वाटतं, याला लेकराचीही किंमत नाही. त्यालाही स्वतःबद्दल तेच वाटतं. शपथ मनाने घेतली होती आणि मोडली ती शरीराने, हे दोघांनाही कुणी सांगितलेलं नसतं.

ते सांगण्याचं काम पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 29 ऑगस्ट 1986 पासून करत आलं आहे. त्या काळात मुंबई-पुण्यातल्या कोवळ्या पोरांना गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, घेरलं होतं. डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात केंद्र सुरू झालं आणि उद्घाटन पुलंनीच केलं. सुरुवात गर्दपासून झाली, तरी दारूने पोखरलेली माणसंही दाराशी येत राहिली. पुढे येरवड्यातच मोहनवाडीला संस्थेची स्वतःची इमारत उभी राहिली.

इथे येणाऱ्याला सगळ्यात आधी ‘बेवडा’ या शब्दातून बाहेर काढलं जातं. व्यसन हा आजार आहे आणि माणूस आजारी आहे, ही डॉ. अनितांची धारणा होती. ज्याला घरात, गल्लीत, नोकरीवर फक्त शिव्या मिळाल्या आहेत, त्याला अपमान न करता वागवणं हाही उपचारच, हे त्यांनी वागून दाखवलं. 1997 मध्ये कर्करोगाने त्या गेल्या, पण संस्थेचा तो स्वभाव टिकला. आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर ही धुरा वाहते.

उपचाराची सुरुवात शरीरापासून होते. दारू मेंदूला गुंगवते आणि रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या गुंगीविरुद्ध रोज ताकद लावत राहतो. ही रस्सीखेच वर्षानुवर्षं चालते. मग एके दिवशी दारूने दोर सोडला की मेंदू आपल्याच जोराने कोलमडतो. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते बारा तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काही जण भ्रमात जातात. अंगावर किडे चढताना दिसतात, स्थळकाळाचं भान सुटतं, ताप चढतो. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर जीव जाऊ शकतो.

म्हणून सांगावंसं वाटतं: वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडायला लावू नका. आधी डॉक्टर गाठा. थरथर आणि फिट आवरणारी औषधं आहेत, ती काही दिवस देऊन हळूहळू कमी करतात. थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, देतात. कारण पिणाऱ्याच्या शरीरात त्याचा दुष्काळ असतो आणि त्यापायी मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

दुसरी गोष्ट जेवणात गुपचूप कालवायच्या औषधांची. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींना कितीतरी बायका हताशपणे भुलतात. डायसल्फिराम नावाचं औषध खरोखर असतं. ते घेतल्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. माणसाला पूर्ण कल्पना देऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते द्यायचं असतं. नकळत दिलं तर ते जिवावर बेतू शकतं.

थरथर आठवड्याभरात ओसरते. घरच्यांना वाटतं, सुटली. मुक्तांगणचा मुक्काम मात्र पस्तीस दिवसांचा आहे, कारण दारू रक्तातून गेली तरी दिवसातून गेलेली नसते. ज्याची सकाळ, दुपार, संध्याकाळ बाटलीभोवती फिरत होती, त्याला रिकामा दिवस अंगावर येतो. म्हणून इथे योगासनं, गटचर्चा, समुपदेशन आणि आपली कामं आपण करणं अशी दिवसाची नवी वीण घातली जाते.

आणि मग तलफ. ती संध्याकाळी सातला येते, पगाराच्या दिवशी येते, मित्राच्या हळदीत, गटारीला, गुत्त्यावरून जाणाऱ्या रस्त्यावर येते. तळलेल्या चखण्याच्या वासानेही येते. ती कायम राहील असं वाटतं, पण लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा अर्धा तास काढायचा असतो. पोटभर खायचं, पाणी प्यायचं, जागा सोडायची, फोन लावायचा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा हे तिचे चार वाटाडे ओळखायला शिकायचं. तलफ कमी करणारी नालट्रेक्झोनसारखी औषधंही डॉक्टर देतात.

फोन कुणाला लावायचा, याचं उत्तर 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात सापडलं. दारू सोडलेला, पण धंद्याचं काम फिसकटलेला बिल विल्सन हॉटेलात एकटा होता आणि बारमधला आवाज त्याला ओढत होता. त्याने बारऐवजी फोन गाठला आणि आपल्यासारखाच दुसरा पिणारा शोधला. डॉक्टर बॉब स्मिथ भेटले आणि त्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभी राहिली. तिचे मराठी समूह आज महाराष्ट्रभर भरतात. ‘फक्त आजचा दिवस’ हे तिथलं सूत्र आहे. मुक्तांगणातही स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं नव्यांसाठी कार्यकर्ते होतात. पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे, कारण नवऱ्याइतकीच बायकोही या वर्षांत पिचलेली असते. व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे.

इथून गेलेला प्रत्येक जण कायमचा सुटतो असं नाही. ‘स्लिप’ होते, माणूस पुन्हा पितो. तेव्हा ‘बघा, सांगितलं होतं ना’ हे वाक्य त्याला आणखी खोल ढकलतं. मधुमेह्याची साखर वाढली की आपण त्याला पुन्हा डॉक्टरकडे नेतो. यालाही तसंच न्यायचं, आणि लवकर न्यायचं.

अशाच एका समूहात पाहिलेलं दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. चहा वाटला जात होता. नव्या माणसाने थरथरता हात मांडीखाली दाबून धरला होता आणि ‘मला नको’ म्हणत होता. चहा देणाऱ्याने काही न विचारता कप अर्धाच भरला, त्याच्या दोन्ही हातांत दिला आणि तो पिऊन होईपर्यंत शेजारी बसला. ‘माझा तर पूर्ण सांडायचा,’ एवढंच तो म्हणाला. त्याच्या सोडण्याला नऊ वर्षं झाली होती. शपथेला जे जमलं नव्हतं, ते त्या अर्ध्या कपाने सुरू केलं.